तिसरा हाफ आमच्या अंगणात

नुबिसीला माझ्या नवऱ्याने मारलं, असं आमची अख्खी बेपांदा वस्ती म्हणते. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी छाती कुणाची नाही. तोंडावर सगळे गोड. "ओडेट, बरी आहेस ना? ज्योएल शाळेत जातो ना?" आणि मी वळले रे वळले की पाठीमागे कुजबुज सुरू. म्हणून म्हटलं, काय झालं ते एकदा मीच सांगते. ज्याला पटेल त्याला पटेल, ज्याला पटणार नाही त्याने जावं उडत.

आमच्या दुआला शहरात चाळिशी उलटलेला पुरुष रविवारी सकाळी घरात सापडला, तर समजायचं की तो आजारी आहे, नाहीतर बायकोने कोंडून ठेवलाय. बाकी सगळे फुटबॉलच्या मैदानावर. आमच्या गल्लीतल्यांचं बाओबाब मंडळ. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, निम्म्यांना तर समोरून येणारा चेंडू दिसत नाही. पण जर्सी कशी, कडक इस्त्रीची! ती इस्त्री कोण करतं ते विचारू नका. दोन हाफ खेळतात आणि मग असतो तिसरा हाफ. तिसरा हाफ म्हणजे जेवण. पाळीपाळीने एकेकाच्या अंगणात. बायकोने रांधायचं, नवऱ्याने मिरवायचं. ताटं वाढायच्या आधी घरधन्याने प्रत्येक पातेल्यातला एकेक घास सगळ्यांदेखत खायचा, ही आमची रीत. अन्नात काही घातलेलं नाही, एवढं त्यातून दाखवायचं असतं. आम्ही मूळची बाफांगकडची, डोंगरातली माणसं. शहरात येऊन दोन पिढ्या झाल्या तरी ही रीत कुणी सोडलेली नाही.

माझा नवरा वाम्बो टायर विकतो आणि टायरसारखाच दिसतो. मी बायको आहे, मी म्हणू शकते. नुबिसी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. धंद्याने वेल्डर, पण अंगाने असा सडसडीत की पन्नाशीला आलाय हे सांगूनही कुणाला खरं वाटत नसे. मंडळाचे निम्मे गोल त्याचे एकट्याचे. शिवाय शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात आम्हा बायकांचा व्यायामाचा वर्ग तोच घ्यायचा. गळ्यात शिट्टी, स्पीकरवर गाणी, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"ओडेट वहिनी, गुडघा वर! अजून वर! घास घेताना हात बरा वर जातो!"

"तुझ्या बायकोला सांग आधी," मी ओरडायचे. त्याची बायको क्लेमांस माझ्या शेजारीच उभी असायची, पहिल्या रांगेत. हसून हसून आम्हा दोघींना उभं राहवायचं नाही. त्या वर्गाने माझी कंबरदुखी घालवली. ते मी विसरणार नाही.

गेल्या वर्षी मंडळातला एक जुना गडी पेनल्टी मारायला गेला आणि तिथेच बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर अध्यक्ष पोकाम यांनी फर्मान काढलं. सगळ्यांचं बीपी तपासायचं. ज्याचं जास्त निघेल त्याची जर्सी काढून घ्यायची. डॉक्टर बरा आहे म्हणेपर्यंत त्याने मैदानाबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायचं. त्या जागेला आमच्या टवाळखोरांनी लगेच नावही ठेवलं, मुडद्यांचं बाकडं.

आता माझ्या नवऱ्याचे वडील झटक्याने गेले, मोठा भाऊ झटक्याने गेला. तपासणी म्हटल्यावर त्याला भीती बसली. आजाराची नव्हे हं, बाकड्याची! आठवडाभर ताट अर्धं टाकून उठायचा. मला वाटलं, धंद्याची काळजी असेल. तर या दोन शहाण्यांनी आपसात काय ठरवलं? तपासणारी सिस्टर दुसऱ्या भागातली, ती कुणाला ओळखत नव्हती, आणि दोघादोघांना पडद्याआड घेऊन तपासणार होती. वाम्बोचं नाव पुकारलं की नुबिसीने जायचं, आणि नुबिसीचं नाव पुकारलं की वाम्बोने.

"अरे, पण तुझ्या नावावर माझं वाईट आलं तर?" वाम्बोने विचारलं होतं म्हणे.

"माझ्या नावावर?" नुबिसी हसला. "माझ्याकडे बघून कोण विश्वास ठेवेल? मशीन बिघडलंय म्हणतील. तू निश्चिंत राहा."

अक्कल म्हणून जी काही असते ती दोघांत मिळून अर्धी होती.

तपासणीच्या रविवारी नवरा घरी आला तो चेहरा पाडून. जर्सी अंगावर नव्हती. मी म्हटलं, "बरं झालं. आता तरी औषध घ्याल." तर तो पायरीवरच बसला. आणि सगळंच एकदम बोलून मोकळा झाला. त्याच्या नावाने बसलेल्या नुबिसीच्या हाताला सिस्टरने पट्टा बांधला, हवा भरली, कपाळाला आठ्या घातल्या, परत भरली. आकडा दोनशेच्या वर. "आजच्या आज दवाखान्यात जा," म्हणाली, "खेळायचं नाव काढू नका." आणि नुबिसीच्या नावाने बसलेला हा गोलमटोल, त्याचं सगळं ठीक.

"मला बाकड्यावर बसवलं गं," नवरा म्हणाला. "काही नसताना."

"कपाळ माझं!" मी ओरडले. "अहो ज्योएलचे बाबा, तुमचं बाकडं गेलं खड्ड्यात! तो नुबिसी मरेल ना!"

 तो म्हणाला, "हो. वाटेत माझ्याही तेच डोक्यात आलं. पण मशीनच चुकलं असेल तर?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला मानगुटीला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तपासलं, तसा कागद दिला. वजन कमी करा, बाकी बीपी चांगलं आहे. म्हणजे मशीन चुकलं नव्हतं. तिथून वाम्बो सरळ नुबिसीच्या वेल्डिंगच्या शेडवर गेला. नुबिसी काय म्हणाला असेल? सकाळी कॉफी प्यायलो होतो. धावून आलो होतो. सिस्टर दिसायला छान होती. सगळं हसण्यावारी. वाम्बोने हट्टच धरला तेव्हा मात्र त्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"हे बघ," तो म्हणाला, "शनिवारी माझ्यासमोर साठ बायका उभ्या राहतात. त्यांच्या मास्तरलाच झटका यायचाय असं कळलं, तर उद्या कोण येईल? आणि पुढच्या रविवारी देइदोवाल्यांशी फायनल आहे. ती होऊ दे. मग जातो तुझ्या डॉक्टरकडे. आईची शपथ."

देइदो म्हणजे नदीकाठची वस्ती. त्यांच्याशी आमचं हाडवैर. बक्षीस काय, तर बोकड. एका बोकडासाठी! माणसं काय काय करतात बघा.

नवऱ्याला चैन पडेना. त्याच बुधवारी फायनलचं ठरवायला सगळं मंडळ पोकाम यांच्या अंगणात जेवायला जमलं होतं. मी वाढायला होते. जेवण अर्ध्यावर आल्यावर हा उठून उभा राहिला.

"अध्यक्षसाहेब, मला बोलायचंय."

"बोल की, पण हातातलं कोंबडीचं तंगडं खाली ठेव आधी," पोकाम म्हणाले, आणि अंगण खो खो हसलं.

त्याने सगळं सांगितलं. कुणाचा हात कुणाच्या नावावर गेला, सिस्टर काय म्हणाली, डॉक्टर काय म्हणाला. खिशातून कागद काढून दाखवला. मला वाटलं, आता सगळ्यांचे चेहरे उतरतील. सगळे नुबिसीकडे बघत होते. नुबिसी शांतपणे हाड चोखत होता.

"वाम्बो," तो म्हणाला, "तुला बाकड्यावर बसायचं नाही म्हणून मला बसवतोस होय रे? आणि कधी, तर फायनलच्या तोंडावर?"

"खोटं बोलतोस!" नवऱ्याचा आवाज फाटला.

"अरे, याच्याकडे बघा आणि त्याच्याकडे बघा," मागून कुणीतरी म्हणालं. "बीपी कुणाला आहे हे कळायला मशीन कशाला पाहिजे?"

परत हशा. मला राहवलं नाही. मी हातातला डाव आपटला. "मग आत्ता मोजा ना! कोपऱ्यावर औषधाच्या दुकानात मशीन आहे. दोन मिनिटांचं काम. कशाला घाबरता?"

"वहिनी," पोकाम म्हणाले, "देइदोवाल्यांना एकदा लोळवू दे. मग नुबिसीचंच काय, त्या बोकडाचंही बीपी मोजू."

त्या हशाने माझ्या नवऱ्याचं डोकं फिरलं. तो शांत माणूस आहे हो. टायर उधारीवर नेणाऱ्याला वरून चहा पाजणारा. पण त्या दिवशी त्याने तो कागद नुबिसीच्या अंगावर फेकला आणि ओरडला, "माझ्या नावावर जे मरण लिहिलंय ते माझं नाही, तुझं आहे! घे! तुझं तुला परत!"

हशा एकदम थांबला. पोकामांची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती, तिने तोंडावर हात ठेवला. असं वाक्य आमच्यात कुणी उच्चारत नाही, रागातसुद्धा नाही. मी नवऱ्याचा हात धरून त्याला घरी आणलं. 

शनिवारी मी व्यायामाला गेले ती मुद्दाम लवकर. क्लेमांसला बाजूला घेतलं, पाणी भरायच्या नळापाशी.

"तुझ्या नवऱ्याला उद्या खेळू देऊ नकोस," मी म्हटलं. "भांडून घे, दार लाव, काय वाटेल ते कर."

"तुझा नवरा माझ्या नवऱ्यावर जळतो," ती म्हणाली. "अख्ख्या मंडळासमोर मरणाची भाषा केली त्याने. आणि तू मला शिकवायला आलीस?"

"क्लेमांस, माझ्याकडे बघून बोल. त्याचं डोकं दुखतं का?"

ती माझ्याकडे बघेना. नळ वाहत होता, बाटली भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. मग हळूच म्हणाली, "कधीकधी नाकातून रक्त येतं. उन्हाने येतं म्हणतो."

"अगं बाई!"

"फायनल झाली की मी स्वतः नेईन त्याला. सोमवारी. आता गप्प बस ना, तो येतोय."

नुबिसी शिट्टी वाजवत आला. त्या दिवशी त्याने आम्हाला जेवढं पळवलं तेवढं कधीच पळवलं नव्हतं. मला मात्र त्याने एकदाही टोमणा मारला नाही. सारखी माझी नजर त्याच्या नाकाकडे जायची.

फायनलला अख्खी वस्ती लोटली होती. पावसाने माती ओली झाली होती आणि वरून ऊन असं की डोळे उघडवेनात. माझा नवरा बाकड्यावर, बाटल्यांच्या पेट्यांशेजारी. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. पोरं येता-जाता "काय मुडदेबुवा" म्हणून पळत होती. नुबिसी खेळला मात्र असा, की देइदोची पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती. शेवटचा गोल त्याचाच. सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी वाम्बोकडे बघितलं, तोही उभा राहून टाळ्या वाजवत होता. खरंच वाजवत होता, मी शपथेवर सांगते.

मग बोकड आणला. रीत अशी की गोल मारणाऱ्याने बोकड खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची. नुबिसीने वाकून बोकडाचे पाय धरले, झटक्यात खांद्यावर घेतला, दोन पावलं टाकली आणि थांबला. एक हात डोक्याला लावला. मग बोकडासकट खाली बसला, आणि आडवा झाला. बोकड सुटला आणि मैदानभर पळत सुटला. त्याच्या मागे पोरं, पोरांच्या मागे मोठी माणसं, सगळे हसतायत, पकडा पकडा म्हणतायत. नुबिसी पडलाय हे पाहिलं फक्त एका माणसाने. माझा नवरा धावला. तो गोल माणूस मी जन्मात पहिल्यांदा तसा धावताना पाहिला. त्याने नुबिसीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोंब ठोकली, तेव्हा कुठे लोकांचं तिकडे लक्ष गेलं.

टॅक्सीत घालून नेला. दवाखान्याच्या फाटकापाशीच गेला.

मला वाटलं होतं, आता लोकांना कळेल. वाम्बो खरं बोलत होता, आपण हसलो, असं कुणाच्या तरी मनात येईल. कसलं काय! मर्तिकाच्या घरीच कुजबुज सुरू झाली. आजारी होता वाम्बो, सिस्टरने बाहेर येऊन यादी वाचली तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं. मग दुसऱ्याच दिवशी वाम्बो बरा कसा झाला? डॉक्टरचा कागद स्वतःच दाखवत फिरत होता! मग सगळ्यांदेखत म्हणाला, हे मरण तुझं, तुझं तुला परत. आणि चार दिवसांत धडधाकट माणूस गेला. गेला तोही याच्याच मांडीवर. फामला, दुसरं काय? आमच्यात म्हणतात, रात्रीची एक मंडळी असते, फामला. तिच्यातली माणसं आपलं भलं करून घेण्यासाठी जवळच्यांचा जीव विकतात, आणि जो त्यांच्या घरचं जेवला त्याचा नंबर पुढचा. लहानपणी आई त्याच्या गोष्टी सांगून आम्हाला झोपवायची. आता त्या गोष्टीत माझा नवरा होता.

जो कागद खरं सांगत होता, तोच त्याच्या गळ्याशी आला. मी किती जणींना समजावलं! हात बदलले होते हो, दोघांनी हात बदलले होते. सगळ्या मान डोलवायच्या. "हो ना गं, हो ना." आणि पोरांना माझ्या दारावरून हाताला धरून न्यायच्या. शनिवारचा वर्ग आता दुसरा कुणी पोरगा घेतो. मी एकदा गेले. पहिल्या रांगेत माझ्या जागी उभी राहिले, तर दोन्ही बाजूंच्या बायका हळूहळू सरकत सरकत इतक्या लांब गेल्या, की मला दोन्ही हात पसरून व्यायाम करायला ऐसपैस जागा झाली. मी हात पसरले नाहीत, घरी आले.

मंडळाने आम्हाला काढलं नाही. तेवढा स्पष्टपणा त्यांच्यात कुठला? आणि तिसऱ्या हाफची पाळी तर मरणानेही चुकत नाही, असा नियम. या रविवारी ती आमच्यावर आली.

"करायचं का?" नवऱ्याने विचारलं.

"करायचं," मी म्हटलं. "चोरासारखं तोंड लपवायला आपण काय केलंय?"

शनिवार-रविवार मी चुलीसमोरून हलले नाही. अळकुड्या उकडून कांडल्या, घोटल्या, वर पिवळं कालवण, त्यात बोकडाचे तुकडे. मासे भाजले, केळी भाजली. शेजारून खुर्च्या आणायच्या नव्हत्या, म्हणून चर्चमधून भाड्याने आणल्या. नवऱ्याने ट्रंकेतली जुनी जर्सी घातली. इस्त्री मीच करून दिली. दुपारी मैदानावरून शिट्टीचा आवाज आला, सामना संपला. त्याने पातेली उघडली, प्रत्येकातला एकेक घास खाल्ला, रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून, आणि फाटकाकडे बघत बसला.

मग फोन यायला लागले. एकाचं पोट बिघडलं होतं. एकाची सासू बाफांगहून आली होती. पोकाम म्हणाले, "वाम्बो, आमच्या आईला बरं नाही रे, तुम्ही सुरू करा." सगळे किती प्रेमाने बोलत होते! नवरा प्रत्येकाला "काही हरकत नाही" म्हणत होता. शेवटी फोन यायचेही थांबले. तो आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दिवेलागणीला मागच्या दाराशी चाहूल लागली. काळ्या कपड्यातली क्लेमांस. मी तिला आत घेऊन बसवलं. मी एक ताट घेतलं, गरम बघून कालवण वाढलं, तिच्यासमोर चमचाभर आधी स्वतः खाल्लं आणि ताट तिच्या पुढ्यात ठेवलं.

"मला माहीत आहे गं, ओडेट," ती म्हणाली. "हात बदलले होते. त्याच रात्री त्याने मला सांगितलं होतं. हसत हसत सांगितलं होतं."

"मग सांग ना लोकांना!" मी तिचे हात धरले. "तू म्हणालीस तर ऐकतील. तू त्याची बायको आहेस!"

"आणि मला विचारलं की माहीत होतं तर खेळू का दिलंस, मग?" तिने दाराकडे बघितलं. "त्याच्या घरचे पोरं काढून घेतील माझ्याकडून. याच गल्लीत राहायचंय मला. तुझी माफी मागायला आले, एवढंच. रस्त्यात भेटले तर बोलणार नाही मी. राग धरू नकोस."

मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. मला तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

"बरं," मी म्हटलं. "जेव तरी. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस."

तिने ताटाकडे बघितलं. हात पुढे आला, कडेला टेकला. भूक लागलेली मला कळत होती, चाळीस वर्षं रांधतेय मी. मी परत एक घास घेऊन खाल्ला, तिच्या डोळ्यांदेखत, चावून गिळला.

ती रडायला लागली. आणि रडत रडतच तिने ते ताट बोटांनी हळूच माझ्याकडे सरकवलं.